वाकळकातळाचा उघडा कोपरा

या, बसा असे. वाकळ मुद्दाम अंथरून ठेवली आहे. चपला काढा आणि पाय पोटाशी घेऊन बसा, म्हणजे वारा लागणार नाही. त्या पवनचक्क्या अलीकडे आल्या, पण वारा इथे पहिल्यापासून असाच आहे.

तुमच्यासमोर हा जो खडक पसरला आहे, त्याला आम्ही कळसड्याची माणसं वाकळकातळ म्हणतो. तुमच्याकडे जिला गोधडी म्हणतात तीच आमची वाकळ. नीट बघा, भेगा कशा उभ्या-आडव्या गेल्या आहेत. मधे चौकोन पडले आहेत, एखादा तांबूस, एखादा काळा, एखादा शेवाळ वाळून राखाडी झालेला. भेगांमधून गवत उगवतं आणि दिवाळीनंतर ते वाळलं की कुणीतरी धावदोरा घालून ठेवल्यासारखं दिसतं. तीन कोपरे सरळ आहेत. चौथा, तो देवळाच्या बाजूचा, नाहीच. मागे भूगोलाची कॉलेजची मुलं आली होती. जांभा खडक कसा तडकतो ते त्यांनी मला समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांना इथेच बसवून त्या चौथ्या कोपऱ्याची हकीकत सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या सासूबाईंनाही माहीत नव्हतं. आपल्या गावात गोजरा नावाची बाई होती. घर खाऊनपिऊन बरं होतं, नवरा शांत होता, पण लग्नाला दहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. तेव्हा ती सड्यावर, म्हणजे या कातळाच्या माळावर गेली, देवीपुढे पदर पसरला आणि बोलली, "आई, पोटी एक लेकरू दे. तुला अंगभर वाकळ घालीन, एकबी खोट नसलेली."

आता हे शेवटचे तीन शब्द ध्यानात ठेवा. देवीने असं काही मागितलं नव्हतं. गोजरानेच आपण होऊन तोंडाने बोलून ठेवलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

वर्षाच्या आत तिला मुलगी झाली. नाव ठेवलं सुंद्रा. आणि बाळंतपणातून उठल्या उठल्या गोजरा वाकळीच्या तयारीला लागली. त्या काळी कापड काही दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. वर्षाकाठी एखादं लुगडं घरात यायचं, तेही विरेपर्यंत अंगावर असायचं. तरी गोजराने जमवलं. तिची आई वारली तेव्हा आईचं हिरव्या काठाचं लुगडं तिच्या वाट्याला आलं. भावाच्या लग्नातल्या फेट्याचं टोक आलं. माहेरच्या खणाचे दोन तुकडे आले, सुंद्राची पहिली कुंची आली. प्रत्येक कपडा स्वच्छ धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून ती गाठोड्यात बांधायची. गाठ एकावर एक अशी तीनदा मारायची, म्हणजे उंदराला आणि जावेला दोघांनाही उघडता येऊ नये.

ती जाऊ म्हणजे धाकटी जाऊ ठकू. घराला घर लागून. बायकांची बाळंतपणं करायची आणि उरलेल्या वेळात लोकांची थट्टा. तिच्याबद्दल पुढे सांगते.

दरवर्षी पाऊस सरला की गोजरा गाठोडं डोक्यावर घेऊन या खडकावर यायची आणि सगळे कपडे उन्हात घालायची. नुसतं वाळवून ती थांबायची नाही. हा इथे, तो तिथे, लुगडं खाली, फेटा कडेला, खण चौकात, असं मांडत बसायची. दुपारपर्यंत अख्खी वाकळ कातळावर तयार दिसायची. गुरं घेऊन जाणारे थांबून बघायचे. मग ती मध्यभागी बोट ठेवायची आणि म्हणायची, "हितं तांबडा पायजे. मनासारखा तांबडा गावला की शिवाया धरते." उन्हं कलली की सगळ्याच्या घड्या व्हायच्या, तीन गाठी बसायच्या आणि वाकळ परत गाठोड्यात जायची.

असं एक वर्ष नाही, वीस वर्षं चाललं. एकदा तांबडं कापड मिळालंही होतं, पण ते इतकं चांगलं निघालं, की त्याला कातर लावणं तिच्या जिवावर आलं. जे वाईट ते देवीला चालायचं नाही आणि जे चांगलं ते कापवायचं नाही, मग उरलं काय? कधी सण आडवा आला, कधी कापणी, कधी सुंद्राचं लग्न. एका गाठोड्याची तीन गाठोडी झाली. ठकू म्हणायची, "अक्का, तुझी वाकळ जलमायच्या आदीच म्हातारी झाली गं." गोजरा हसण्यावारी न्यायची. पण आतून तिला ते खात होतं, असं सांगतात. घरात गाय आटली, पोरीला ताप आला, कौलं उडाली, काहीही झालं की तिला पहिली आठवण नवसाची व्हायची. देवळावरून जाताना ती मान खाली घालून जायची.

मग सुंद्रा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, आणि गोजराची झोप उडाली. ज्या लेकीसाठी नवस बोलला तिचीच बाळंतपणाची वेळ आली होती आणि देवी वीस वर्षं तशीच बसली होती. आता आईने हिशेब माझ्या लेकीकडे मागितला तर, हे एकच तिच्या मनात घोळायला लागलं. तिने ठरवलं, आता काही नाही, उद्याच धरायची. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, सूर्याला नमस्कार करून ती बसली. पहिल्यांदा आईचं लुगडं काढलं. कातर काठाला लावली आणि हात तिथेच थांबला. आई गेली तेव्हा तिला पोहोचायला उशीर झाला होता, तोंड दिसलं नव्हतं. हे लुगडं कापलं तर आई दुसऱ्यांदा जाईल असं तिला वाटत होतं. ती तशीच तासभर बसून राहिली, मग घडी घातली आणि भाकऱ्या करायला उठली.

सुंद्रानेच शेवटी विषय काढला. "आये, तुला जमत नसंल तर कौल लावू. आई सांगंल तसं करू."

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नको. पौषातला रविवार बघून तिघी सकाळीच निघाल्या: गोजरा, सुंद्रा आणि वाटेत काही झालं तर जवळ असावी म्हणून ठकू. सुंद्राला घरी थांब म्हटलं तर ती ऐकेना, नवस माझ्यापायीचा आहे म्हणाली. दिवस भरायला अजून वीस-बावीस दिवस होते. गोजराच्या डोक्यावर त्यातल्या त्यात चांगलं गाठोडं होतं, देवीला दाखवायला. ठकूच्या कमरेला विळा होता, येताना गवत कापून आणू म्हणून.

देवळात तेव्हा एक म्हातारी गुरवीण असायची. तिने फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. गोजरा म्हणाली, "कुठलं कापड कापू, का नको कापू, आई तूच सांग." तिघी बसून राहिल्या. उन्हं देवळाच्या पायरीवर आली, तरी ना उजवं पडलं ना डावं. गुरवीण म्हणाली, "आज आई बोलंना. पुन्यांदा या कवातरी." गोजराचा चेहरा उतरला. देवी रागावली आहे, हे आता तिला पक्कं वाटलं.

परतताना याच खडकावर सुंद्राला कळा सुरू झाल्या. आधी ती बोललीच नाही. मग खाली बसली आणि तिला उठता येईना. गाव खाली अर्ध्या कोसावर, माणूस हाकेच्या अंतरात नाही, आणि पौषातला सड्यावरचा वारा. ठकूने आपल्या लुगड्याचा पदर टरकन फाडला, सुंद्राच्या अंगाखाली घातला, आणि तुम्ही बसला आहात ना, साधारण तिथे सुंद्राला मुलगी झाली.

मुलगी झाली, पण रडेना. अंग गार, ओठ निळे. ठकूने तिला चोळलं, पाठीवर थोपटलं, तोंडात बोट घालून साफ केलं. विळ्याने नाळ कापली आणि बाळ आईच्या छातीवर ठेवून म्हणाली, "अक्का, ऊब पायजे हिला. गाठोडं सोड."

गोजराने गाठीला हात घातला. तीन गाठी, वर्षानुवर्षं ओढून ओढून लाकडागत झालेल्या. एक सुटेना. तिची बोटं थंडीने आखडली होती की मनानेच मागे ओढत होती, हे कुणाला सांगता येणार नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, दोन्ही असेल. गोजरा नखांनी उकरत होती आणि बाळ गारठत होतं.

ठकूने तिच्या हातातून गाठोडं ओढून घेतलं. गाठीखाली विळा घातला आणि खसकन ओढला. गाठी तुटल्या, आणि त्यांच्याबरोबर वरच्या घडीत असलेलं आईचं लुगडंही हातभर फाटलं.

गोजराने ते बघितलं. असं सांगतात, की क्षणभर ती श्वास धरून थांबली, आता काहीतरी होईल म्हणून. काहीच झालं नाही. लुगडं फाटलं होतं आणि आईची आठवण जिथे होती तिथेच होती, उलट त्या घटकेला ती जास्तच जवळ आली. गोजराने दोन्ही हातांनी ते लुगडं फाटलं होतं तिथून पुढे टराटरा फाडलं, अर्ध्यात बाळ गुंडाळलं आणि अर्धं मायलेकींवर टाकलं. त्यावर फेटा, त्यावर खण, त्यावर हाताला येईल ते. काय चांगलं, काय साधं, बघायला वेळ कुणाला होता. वर मधोमध ठकूने आपल्या फाडलेल्या पदराचा उरलेला तुकडा टाकला. धुऊन धुऊन त्याचा रंग कुठला ते ओळखू येत नव्हतं.

पण वारा थर टिकू देईना. एक घातला की दुसरा उडायचा. तेव्हा गोजराने मंगळसूत्रात अडकवलेली सुई काढली. काटा काढायला जवळ असावी म्हणून आमच्याकडच्या बायका अजून ठेवतात. फाटक्या लुगड्याच्या काठाचे दोरे ओढले आणि वाऱ्याकडे पाठ करून ती शिवायला बसली. टाका केवढा, सरळ की वाकडा, तिने बघितलंच नाही. एक कड घेतली, कोपरा वळला. दुसरी घेतली. तिसऱ्या कोपऱ्याला सुई वळवत होती आणि आतून बाळ रडलं.

आधी बारीक, मग चांगलं मोठ्याने. ठकू खडकावर फतकल मारून बसली आणि तीही रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला थट्टा सुचली नाही म्हणे. चौथा कोपरा गोजराने शिवलाच नाही. तिथून बाळाचं तोंड दिसत होतं.

उशिराने इकडे आलेल्या गुराख्यांनी गावात सांगितलं, माणसं बाज घेऊन आली आणि दिवस मावळायच्या आत मायलेकी खाली घरात शेकोटीजवळ पोहोचल्या.

पुढे सव्वा महिना झाला आणि देवीकडे जायची वेळ आली, तसा गोजराला पुन्हा घोर लागला. वाकळ तर झाली होती. मधल्या दिवसांत तिने राहिलेला धावदोरा घालून ती भरलीही होती, आणि गंमत म्हणजे एकदा हात लागल्यावर वीस वर्षांचं काम पंधरा दिवसांत उरकलं होतं. पण ती वाकळ कशी होती? टाके वाकडे. धुतली तरी डाग राहिलेले. मधे, जिथे मनासारखा तांबडा हवा होता तिथे जावेच्या पदराचा विटका तुकडा. आणि एक कोपरा उघडा. एकही खोट नसलेली घालीन असं ती बोलली होती, आणि हिच्यात खोट नाही अशी वीतभर जागा सापडत नव्हती.

तरी ती घेऊन गेली, दुसरं होतं काय तिच्याकडे. गुरविणीपुढे वाकळ ठेवली आणि सगळं कबूल केलं. म्हणाली, "ही चालंल का, का दुसरी करू?"

गुरविणीने वाकळ उलगडली, झटकली आणि सरळ देवीच्या अंगावर ओढली. गळ्याशी नीट खोचली, आपण लेकराला खोचतो तशी. मग म्हणाली, "बाई, वीस हिवाळं ही उघडी बसली हितं. बिनखोटीची कुनी मागितली हुती? हिला थंडी वाजत हुती."

काही जण सांगतात, त्याच वेळी उजव्या खांद्यावरचं पूजेचं फूल पडलं. माझं म्हणणं, वाकळ ओढताना गुरविणीचा हात लागला असेल. पण गोजराला आता फुलाची गरजच नव्हती. तिचं डोकं एकदम हलकं झालं. ती तिथेच खांबाला टेकून बसली, थोडी हसली, थोडी रडली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. भर दुपारची ती जी झोपली ती दिवेलागणीपर्यंत. गावातल्या बायका येऊन गेल्या, कुणी उठवलं नाही. तेव्हापासून देवीला पांघराई म्हणतात, आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात या कातळाचा देवळाकडचा कोपरा ढासळला. तो पुन्हा कुणी बांधला नाही.

आजही पौषातल्या पहिल्या रविवारी गावातल्या सगळ्या बायका आपापली गाठोडी घेऊन इथे येतात. आपलं गाठोडं आपण सोडायचं नसतं, ते शेजारणीने सोडायचं, आणि गाठ सुटली नाही तर विळ्याने कापायची. आपण तोवर देवळाकडे तोंड करून बसायचं. शेजारणीने पहिला कपडा हातभर फाडून आपल्या मांडीवर टाकला, की मगच सुई काढायची. पहिला टाका वाकडा पडला तर कुणी उसवत नाही. मधला तुकडा शेजारणीचा. एक कोपरा उघडा. दरवर्षी त्यातली एक नवी वाकळ पांघराईला चढते आणि जुनी त्या वर्षी ज्या घरात बाळ जन्मलं असेल त्या घरात जाते.

हे सगळं मी तीस वर्षं सांगत आले. अंगणवाडीत होते तेव्हा पोरांना सांगायची, आता तुमच्यासारख्या पाहुण्यांना सांगते. आणि आता खरं सांगायचं तर, त्यातली अकरा वर्षं माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत एक गाठोडं बांधलेलं पडून होतं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर त्यांचे खाकी शर्ट मी धुऊन, घड्या करून ठेवले, वाकळीसाठी म्हणून. दर पौषात काहीतरी निघायचं. एकदा गुडघे, एकदा भाचीचं लग्न, एकदा खाकीबरोबर जाईल असं अस्तर मिळेना. लोकांना गोजराची गोष्ट सांगायची आणि घरी जाऊन पेटीला कुलूप आहे ना बघायचं, असं चाललं होतं. माझं मलाच हसू यायचं, पण हात होत नव्हता.

यंदा पौषातल्या त्या रविवारी सकाळी शेजारची इंदूबाई घरात आली. विळा घेऊनच आली. म्हणाली, "काकू, उठा. पेटीची किल्ली द्या." गाठोडं घेऊन दोघी इथे आलो आणि मी देवळाकडे तोंड करून बसले. मागे कापड फाटल्याचा आवाज आला आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. मग शर्ट मांडीवर पडला. बघितलं तर तो नुसता फाटलेला शर्ट होता, आणि यांची आठवण होती तशीच होती, हॉर्न वाजवून वळणावर गाडी हळू घेणारी. बाई, मी काय घाबरत होते इतकी वर्षं, असं झालं मला. बावीस दिवसांत वाकळ पुरी केली.

तुम्ही जिच्यावर बसला आहात ती हीच. मधला फुलाफुलांचा तुकडा इंदूबाईच्या गाऊनचा आहे, खाकीला अजिबात जात नाही. हा कोपरा उघडा आहे, बघा, बोट घालून बघा. आणि ताई, तुमच्या हाताखाली तो खिसा आहे ना, तो मी उसवला नाही, शर्टावर होता तसाच राहू दिला. झोपताना माझा चष्मा त्यात ठेवते.